लोह कमी पडल्यावर यीस्टची पेशी स्वतःचेच संदेश का नष्ट करते?

प्रश्न : एमएस्सी_दुसरे_वर्ष

नमस्कार. मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात आहे आणि प्रकल्पासाठी पावाच्या यीस्टवर, म्हणजे सॅकरोमायसिस सेरेव्हिसीवर, लोहाच्या कमतरतेचा काय परिणाम होतो हे पाहत आहे. यीस्ट अर्क आणि पेप्टोन असलेल्या माध्यमाच्या मी चार प्रकारच्या प्लेट ओतल्या. दोन प्रकारांत ग्लुकोज होते, दोनांत ग्लिसरॉल, आणि प्रत्येक जोडीतल्या एकात १०० मायक्रोमोलर बीपीएस घातले होते. बीपीएस हे लोहाला घट्ट धरून ठेवणारे रसायन आहे, हे येथील बहुतेकांना ठाऊक असेलच. ते घातलेले माध्यम ओततानाच किंचित गुलाबी दिसत होते.

तीन दिवसांनी ग्लुकोज आणि बीपीएस असलेल्या प्लेटवर वसाहती आल्या, पण त्या नेहमीपेक्षा लहान होत्या. ग्लिसरॉल आणि बीपीएस असलेली प्लेट मात्र जवळजवळ कोरीच राहिली. बीपीएस नसलेल्या ग्लिसरॉलवर वाढ व्यवस्थित होती, तेव्हा माझ्या यीस्टची श्वसनयंत्रणा मुळात धड आहे असे मी धरतो.

माझ्या मार्गदर्शकांचे म्हणणे असे, की यात कोडे काहीच नाही. ग्लिसरॉलवर जगायचे तर श्वसन हवे, श्वसनाच्या विकरांना लोह हवे, आणि आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? ते मला पटलेही होते. परंतु नंतर वाचनात असे आले, की लोह कमी पडले की पेशी या विकरांचे संदेशवाही आरएनए, म्हणजे जनुकातला मजकूर प्रथिन घडवण्यासाठी नेणाऱ्या प्रती, स्वतःहून मोडून टाकते. येथे मी अडखळलो. लोह नसल्यामुळे ती विकरे निकामी राहणारच असतील, तर त्यांचे संदेश नष्ट करण्याचा वेगळा उद्योग पेशीने कशासाठी करावा? आणि माझ्या प्लेटवर जे दिसले ते यांपैकी कशामुळे?

उत्तर १ : विरजण

तुमचा दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण त्याचे उत्तर लहान आहे. तुमच्या प्लेट दोन्ही बाजूंनी सारखीच साक्ष देतात. मार्गदर्शकांचे स्पष्टीकरण खरे असले तरी ग्लिसरॉलची प्लेट कोरी राहील, आणि संदेश मोडण्याचे स्पष्टीकरण खरे असले तरीही ती कोरीच राहील. या दोहोंत निवाडा करील असा प्रयोग वेगळा आहे, त्याकडे शेवटी येतो.

आता पहिला प्रश्न. ‘आडात नाही’ हे गृहीतच पूर्ण खरे नाही. आड कोरडा पडलेला नसतो, तळाशी थोडे पाणी असते आणि थेंब थेंब झिरपतही असते. पेशीपुढचा खरा प्रश्न तेवढे पाणी कोणी न्यायचे हा आहे. श्वसनातल्या एकट्या सक्सिनेट डीहायड्रोजनेज या विकराचा हिशेब करून पाहा. या विकरात लोह आणि गंधक यांचे तीन पुंजके असतात, एकात दोन, दुसऱ्यात तीन आणि तिसऱ्यात चार लोहाचे अणू, म्हणजे नऊ अणू येथेच गेले. शिवाय त्यात एक हीम, म्हणजे मध्यभागी लोहाचा एक अणू असलेला घटक, असतो, तो दहावा. श्वसनाच्याच वाटेवरच्या अॅकोनिटेज या विकराच्या एका रेणूला आणखी चार. हे रेणू पेशीत हजारोंनी असतात. उलट ग्लुकोजपासून अल्कोहोलपर्यंतच्या वाटेवर एकाही विकराला लोह लागत नाही. अल्कोहोल डीहायड्रोजनेजलासुद्धा जस्त लागते. तुमच्या ग्लुकोजच्या प्लेटवर वसाहती का आल्या, त्याचे मुख्य कारण हे.

मग त्या लहान का राहिल्या? कारण आंबवून जगणाऱ्या पेशीलाही लोह पूर्णपणे टाळता येत नाही. डीएनएचे घटक तयार करणारे रायबोन्यूक्लिओटाइड रिडक्टेज हे विकर लोहाशिवाय चालत नाही. रायबोसोमच्या कामाला लागणाऱ्या आरएलआय१ या प्रथिनात लोह-गंधकाचे पुंजके असतात. पेशीच्या पटलाला लागणारे एर्गोस्टेरॉल तयार करण्याच्या साखळीतही लोहावर चालणाऱ्या पायऱ्या आहेत. श्वसन सोडता येते, डीएनए सोडता येत नाही. अशा वेळी श्वसनाची नवी प्रथिने घडत राहिली, तर आत येणाऱ्या प्रत्येक अणूसाठी ती रिडक्टेजशी स्पर्धा करतील. संदेश मोडण्याने ही स्पर्धा तोंडाशीच थांबते. लोह आल्यानंतर वाटप करण्यापेक्षा मागणारे हातच कमी करणे, असा हा प्रकार आहे.

यंत्रणा अशी आहे. लोह कमी झाले की आफ्ट१ आणि त्याचा जोडीदार आफ्ट२ ही नियामक प्रथिने केंद्रकात काम सुरू करतात आणि तीसेक जनुके चालू करतात. त्यांतली बरीचशी जनुके लोह मिळवण्याची आहेत. लोह फेरिक आणि फेरस अशा दोन रूपांत असते. पेशीच्या पृष्ठभागावरची फ्रे१ आणि फ्रे२ ही विकरे फेरिक लोहाचे फेरस लोह करतात, फेट३ ते पुन्हा फेरिक करते आणि एफटीआर१ ते आत घेते. (एकदा उतरवून पुन्हा चढवण्याचा हा द्राविडी प्राणायाम प्रथम वाचताना मला हास्यास्पद वाटला होता, पण फेरिक लोह पाण्यात जवळजवळ विरघळत नाही हे ध्यानात घेतले की पहिली पायरी समजते, आणि आत काय शिरते यावर पहारा ठेवायचा आहे हे ध्यानात घेतले की दुसरी.) याच तीसेक जनुकांत सीटीएच२ नावाचे एक जनुक आहे. त्याचे काम लोह मिळवणे नसून काटकसर करणे हे आहे.

सीटीएच२ या प्रथिनाला जस्ताने बांधलेली दोन ‘बोटे’ असतात. संदेशाच्या शेपटाकडे, म्हणजे प्रथिनाचा मजकूर संपल्यानंतरच्या भागात, युरासिल आणि अॅडेनिन यांची यूएयूयूयूएयूयू अशी ओळ जेथे असते तेथे ही बोटे चिकटतात आणि संदेश मोडणाऱ्या यंत्रणेला बोलावून घेतात. सक्सिनेट डीहायड्रोजनेजचा एक भाग घडवणाऱ्या एसडीएच४ या संदेशाच्या शेपटात अशा ओळी आहेत. २००५ साली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठातील डेनिस थील यांच्या प्रयोगशाळेतून सर्जी पुइग आणि सहकाऱ्यांचे जे संशोधन प्रसिद्ध झाले, त्यात हे उलगडले. शेपटातल्या त्या ओळी बदलल्या की लोह नसतानाही एसडीएच४चा संदेश टिकून राहतो. सीटीएच२च्या एका बोटातले १९०व्या जागेवरचे सिस्टीन हे अमिनो आम्ल बदलले तरी तसेच घडते. म्हणजे लोह नसल्याने संदेश ‘आपोआप’ नाहीसा होत नाही, तो नष्ट केला जातो. मार्गदर्शकांच्या स्पष्टीकरणात नेमकी हीच गोष्ट बसत नाही.

पेशी केवळ श्वसनच आवरते असेही नाही. हीममध्ये लोह बसवणाऱ्या विकराचा संदेश, लिपोइक आम्ल घडवणाऱ्याचा संदेश, आणि लोह रिक्तिकेत, म्हणजे पेशीतल्या साठवणीच्या पिशवीत, साठवणाऱ्या सीसीसी१चा संदेश, हे सगळे सीटीएच२च्या यादीत आहेत. त्यातला शेवटचा मला विशेष आवडतो. घरात चणचण असताना बँकेत पैसे भरणे बंद करावे, तसे ते आहे.

आता निवाड्याचा प्रयोग. सीटीएच२ आणि त्याचे भावंड सीटीएच१ ही दोन्ही जनुके काढून टाकलेले यीस्ट घ्या आणि ते ग्लुकोजवर बीपीएससह वाढवा, ग्लिसरॉलवर नव्हे. ग्लुकोजवर श्वसनाची गरज नाही. तेव्हा केवळ ‘लोह नाही म्हणून विकर नाही’ एवढेच खरे असते, तर हे यीस्ट मूळ यीस्टइतकेच वाढले असते. प्रत्यक्षात ते मागे पडते. ज्या श्वसनाचा तेथे उपयोगच नाही, त्याचे संदेश मोडता न आल्यामुळे पेशीचे नुकसान होते, हे त्यावरून दिसते.

उत्तर २ : तांबट

विरजण यांचे उत्तर उत्तम आहे, पण त्यातल्या ‘लोह कमी झाले की आफ्ट१ काम सुरू करते’ या वाक्यावर मला थांबावेसे वाटते. आफ्ट१ पेशीतले लोह मोजत नाही. तंतुकणिकेत लोह-गंधकाचे पुंजके घडताहेत की नाही याची खबर त्याला मिळते, आणि तेवढ्यावर ते चालते. पुंजके नीट घडत असताना जीआरएक्स३, जीआरएक्स४ आणि एफआरए२ ही प्रथिने असा एक पुंजका आफ्ट१ व आफ्ट२पर्यंत पोहोचवतात, त्यामुळे त्यांची डीएनएवरची पकड सुटते. पुंजके घडणे मंदावले की ही अडवणूक संपते.

हा भेद शब्दच्छल नाही. यीस्टमध्ये पुंजके घडवण्यास मदत करणाऱ्या फ्रॅटॅक्सिन या प्रथिनाचे जनुक काढून टाकले तर तंतुकणिकेत लोहाचा अक्षरशः साठा होतो, आणि तरीही आफ्ट१ ‘लोह नाही’ अशी हाकाटी करत राहते, कारण त्या लोहाचे पुंजके होत नाहीत. पेशी आणखी लोह आत ओढते, तेही तंतुकणिकेत जाऊन साचते. माणसात हेच प्रथिन कमी पडल्याने फ्रीड्रिच अॅटॅक्सिया हा चेतासंस्थेचा आजार होतो, आणि त्याच्या अभ्यासात यीस्टच्या या निरीक्षणाला १९९७पासून महत्त्व आहे. कोठारात धान्य असून चूल पेटत नसेल तर घरात उपासमारच होणार, आणि आफ्ट१ कोठाराकडे न पाहता चुलीकडे पाहते.

दुसरा मुद्दा तांब्याचा. माझे टोपणनाव पाहता तो काढणे मला भागच आहे. वर ज्या फेट३चा उल्लेख आला, त्यात तांब्याचे चार अणू असतात. एटीएक्स१ हे तांबे पोहोचवते, सीसीसी२ ते गॉल्जी यंत्रणेत घेते आणि तेथे ते फेट३मध्ये बसवले जाते. म्हणून तांब्याचा तुटवडा झाला की लोह भरपूर असूनही उच्च आकर्षणाचा, म्हणजे थोडेसे लोहही पकडणारा, हा मार्ग बंद पडतो. सीसीसी२ काढून टाकलेले यीस्ट कमी लोहावर वाढत नाही, मात्र माध्यमात पुष्कळ लोह घातले की ते वाढते, कारण मग फेट४ नावाच्या दुसऱ्या, कमी आकर्षणाच्या वाटेने लोह आत येते. फरक केवढा आहे पाहा : फेट३च्या मार्गाला सुमारे ०.२ मायक्रोमोलर लोह पुरते, फेट४ला तीसेक मायक्रोमोलर लागते.

प्रश्नकर्त्यासाठी याचा अर्थ असा, की ‘बीपीएसने लोहच काढले’ हे सिद्ध करायचे असेल तर लोह परत घालून वाढ परतते का हे पाहायला हवे. ते केल्याशिवाय प्रबंधात ‘लोहाची कमतरता’ हे शब्द लिहू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

उत्तर ३ : जुना_लॅबवाला

वरील दोघांनी पेशीच्या आतले सांगितले, मी प्लेटबद्दल लिहितो.

गुलाबी रंगाला क्षुल्लक समजू नका. बीपीएसचे तीन रेणू फेरस लोहाच्या एका अणूला वेढतात आणि त्या संयुगाला लालसर रंग असतो. द्रव माध्यमात तो ५३५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात मोजता येतो. म्हणजे तुमच्या माध्यमात यीस्ट अर्कातून आणि पेप्टोनमधून आलेले लोह किती होते, त्याचा अंदाज तो रंगच देत होता. याच हिशेबाने १०० मायक्रोमोलर बीपीएस जास्तीत जास्त तेहतीस मायक्रोमोलर लोह बांधू शकते. लोह परत घालण्याच्या प्लेटमध्ये तुम्ही दहा मायक्रोमोलर घातले आणि वाढ परतली नाही, तर त्यातून काहीच सिद्ध होणार नाही. तेथे १०० मायक्रोमोलर घाला, आणि फेरस अमोनियम सल्फेटचे द्रावण त्याच दिवशी ताजे करा. जुन्या द्रावणाला पिवळट छटा येते, ती ऑक्सिडीकरणाची खूण असते.

बीपीएस नेमके कोठे घाव घालते हेही पाहण्यासारखे आहे. ते फेरस लोह पकडते, आणि पेशीच्या दारात फ्रे१ व फ्रे२ फेरिकचे फेरस करतात. पेशी जे लोह आत घेण्यासाठी तयार करते, तेच दारातून पळवले जाते.

आता एक चूक, जी मी स्वतः केली आहे. यीस्ट रात्रभर पोषक माध्यमात वाढवून मी थेट बीपीएसच्या प्लेटवर ठिपके दिले होते आणि फरक काहीच दिसेना. दोन आठवडे बीपीएसच्या बाटलीला दोष दिला. खरा दोष रिक्तिकेचा होता. पोषक माध्यमात वाढलेली पेशी रिक्तिकेत लोह साठवून ठेवते, आणि तुटवडा आला की एसएमएफ३, तसेच फेट५ व एफटीएच१ या प्रथिनांच्या वाटेने ते बाहेर काढून काही पिढ्या आरामात चालवते. तुमच्या ग्लुकोजच्या प्लेटवरील वसाहतींत या शिल्लक साठ्याचा वाटा किती, हे आत्ता सांगता येणार नाही. म्हणून आधी एक रात्र बीपीएस घातलेल्या द्रव माध्यमात वाढवा, मग दहापट विरळ करत जाणारे ठिपके द्या. ते लहान वसाहती मोजण्यापेक्षा अधिक बोलतात.

शक्य असेल तर निश्चित घटकांचे कृत्रिम माध्यम वापरा. यीस्ट अर्कात लोह किती, ते डब्यागणिक बदलते. उत्परिवर्तित यीस्ट मिळवण्याविषयी : पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील औद्योगिक सूक्ष्मजीवांच्या संग्रहातून यीस्टचे प्रकार मिळतात, पण विशिष्ट जनुके काढलेले यीस्ट हवे असेल तर यीस्टच्या जनुकशास्त्रावर काम करणाऱ्या एखाद्या प्रयोगशाळेला पत्र लिहिणे बरे. अशी मंडळी सहसा नाही म्हणत नाहीत.

पुन्हा प्रश्न : एमएस्सी_दुसरे_वर्ष

सर्वांचे मनापासून आभार. तांबट यांचा मुद्दा मान्य. लोह परत घालण्याची प्लेट मी केलीच नव्हती. दोन शंका उरतात. सीटीएच२ केवळ नवे संदेश मोडते, मग आधीच घडलेल्या प्रथिनांत अडकलेल्या लोहाचे काय? आणि रायबोन्यूक्लिओटाइड रिडक्टेजला प्राधान्य मिळते, हे विरजण यांचे अनुमान आहे की तसे दाखवले गेले आहे?

उत्तर ४ : विरजण

पहिल्या शंकेवर : बरोबर, सीटीएच२ तयार प्रथिनांना हात लावत नाही. पेशी वाढत असेल तर तयार प्रथिने दर पिढीला वाटली जाऊन विरळ होतात. हीममधले लोह सोडवण्यासाठी आफ्ट१ एचएमएक्स१ हे हीम मोडणारे विकरही चालू करते.

दुसऱ्या शंकेवर : ते दाखवले गेले आहे, आणि ज्या रीतीने ते घडते ती रीत संदेश मोडण्याच्या साऱ्या प्रकरणातील सर्वांत सुंदर आहे असे मला वाटते. रिडक्टेजचा लोह धारण करणारा लहान भाग एरवी बराचसा केंद्रकात असतो आणि मोठा भाग पेशीद्रवात, त्यामुळे दोघांची गाठ कमी पडते. लहान भागाला केंद्रकात धरून ठेवणारे प्रथिन म्हणजे डब्ल्यूटीएम१. लोह कमी पडले की सीटीएच१ आणि सीटीएच२ या डब्ल्यूटीएम१चाच संदेश मोडतात. ही दोरी सुटली की लहान भाग पेशीद्रवात येतो, मोठ्या भागाला मिळतो आणि डीएनएच्या घटकांचे उत्पादन सांभाळले जाते. म्हणजे ज्या हत्याराने श्वसनावर कपात केली, त्याच हत्याराने रिडक्टेजला वाट मोकळी करून दिली. पुइग यांच्या वालेन्सियातील गटाने हे २०११ साली प्रसिद्ध केले.

चयापचयातली इतर वळणे मात्र सीटीएच२शिवायही घेतली जातात, त्यांची गल्लत होऊ देऊ नका. ग्लुटामेट तयार करणाऱ्या ज्या विकरात लोह-गंधकाचा पुंजका असतो त्याचे जनुक मंदावते, आणि लोह न लागणाऱ्या ग्लुटामेट डीहायड्रोजनेजच्या वाटेवर भार पडतो. बायोटिन या जीवनसत्त्वाच्या घडणीतल्या शेवटच्या पायरीला लोह लागते. पेशी ती पायरी आवरते आणि बाहेरचे बायोटिन आत घेणाऱ्या व्हीएचटी१ या वाहकाचे प्रमाण वाढवते. घरी करणे परवडत नसेल तर विकत आणणे, इतके ते सरळ आहे. जुना_लॅबवाला यांच्या सल्ल्याप्रमाणे कृत्रिम माध्यम घेतलेत तर त्यात बायोटिन आहे याची खात्री करा, नाहीतर तुम्ही अजाणता दोन उपवास एकदम घडवाल.

उत्तर ५ : तांबट

एक पुस्ती. ‘पेशी ठरवते’, ‘पेशी प्राधान्य देते’ ही भाषा आपण सगळेच वापरत आहोत, आणि परीक्षक त्यावर बोट ठेवू शकतात. त्यावर उत्तर म्हणून ई. कोलाय या जीवाणूचे उदाहरण जवळ ठेवा. त्याच्याकडे सीटीएच२सारखे प्रथिन नाही. तेथे लोह कमी पडल्यावर आरवायएचबी नावाचा सुमारे नव्वद अक्षरांचा छोटा आरएनए तयार होतो, आणि तो ज्या संदेशांना चिकटून त्यांचा नाश घडवतो त्यांत सक्सिनेट डीहायड्रोजनेज आहे, अॅकोनिटेजही आहे. माणसाच्या पेशीत तिसरीच प्रथिने हे काम पाहतात, आणि तंतुकणिकेतल्या अॅकोनिटेजच्या संदेशावर तीही लगाम घालतात. हत्यारे तिन्हीकडे वेगळी असून कपात त्याच विकरांवर येते. हेतूची भाषा न वापरताही, ही काटकसर उपयोगाची ठरून टिकली असे यावरून म्हणता येते.

पुन्हा : एमएस्सी_दुसरे_वर्ष

आज मार्गदर्शकांना हा सर्व मजकूर दाखवला. त्यांनी दोनदा वाचला आणि ‘बघू’ एवढेच म्हणाले. पण फेरस अमोनियम सल्फेटची बाटली त्यांनीच कपाटातून काढून दिली. रात्रभराचे बीपीएसमधले संवर्धन आत्ताच शेकरमध्ये ठेवले आहे. उद्या सकाळी ठिपके देतो. एका प्लेटमध्ये लोह परत, एका प्लेटमध्ये केवळ तांबे, आणि उत्परिवर्तित यीस्टसाठी दोन प्रयोगशाळांना पत्रे गेली आहेत.